'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' तुम्हाला कुठे भेटलं?

हे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं. आमच्याकडे क्वीनची विकतची कॅसेट नव्हती. दादाच्या मित्राने भरून दिलेली होती. 'ए' बाजूचं शेवटचं गाणं हे. 'बिस्मिल्ला' म्हणताच खट्ट! पुढे नुसती सळसळ. ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं मी चार वर्षं साडेतीन मिनिटांचंच समजत होते. तर मंडळी, तुमचं सांगा. विकीवरची माहिती नको, घरचं हवं.

* * *

'बिस्मिल्ला' ऐकून आमची आजी पदराला हात पुसत बाहेर आली. "आता सनई का रे?" म्हणाली, आणि बसली वाट बघत.

* * *

इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगला आम्ही चौघांनी या गाण्यातला मधला, ऑपेरासारखा कोरसचा भाग बसवला होता. मूळ कोरस क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचाच; बेसवाला जॉन डीकन त्यात नाही. १९७५ साली २४ ट्रॅकच्या टेपवर आवाजावर आवाज इतके चढवले, की टेप झिजून आरपार दिसायला लागली. म्हटलं, ते तिघे तर आपण चौघे! त्यात 'गॅलिलिओ' अशी हाक येते, तिचा सगळ्यात वरचा सूर रॉजरचा, म्हणजे ड्रमरचा. आमच्यात तो माझ्या वाट्याला आला. तालमीत लागायचा. स्टेजवर जे निघालं, त्यावरून बॅचमध्ये मला अजून 'कुकर' म्हणतात.

* * *

मी पाचगणीची. उन्हाळ्यात पाहुणे आले की टेबल लँड, स्ट्रॉबेरी क्रीम आणि हल्ली "ती फ्रेडीची शाळा दाखव गं". सेंट पीटर्स. तिथे तो फारुख बलसारा होता, झांझिबारहून आलेला पारशी मुलगा. शाळेतच 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला, त्यात हा पियानोवर. मी पाहुण्यांना गेटपाशी नेते, फोटो होतात, मग सगळे मक्याच्या कणसाकडे वळतात. पण पावसात इथे धुकं उतरलं की समोरचं सिल्व्हर ओकही दिसत नाही. अशा ठिकाणी आठ वर्षांचं पोर बोर्डिंगात, आणि आई समुद्रापलीकडे. गाण्यात 'मामा' अशी हाक येते तेव्हा मला ते धुकंच दिसतं. गाण्याचा अर्थ त्याने स्वतः कधी नीट सांगितला नाही. त्यामुळे माझा चुकला, असं कोणी म्हणू नये.

* * *

मला नाही आवडत. चिवडा आहे. सुरुवातीचा पियानो ठेवा, बाकी तुम्ही वाटून घ्या.

* * *

चिवडावाले, गिटारचा सोलोपण नको? गाणं फार लांब आहे, असं तेव्हा क्वीनलाही सांगितलं होतं. मग ते ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. ब्रायन मेची गिटार वडिलांबरोबर घरी बनवलेली, दांडीचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं. आणि वाजवतो सहा पेन्सच्या नाण्याने! हे वाचून मी बाबांच्या डब्यातलं जुनं चार आण्याचं नाणं काढलं. कडेच्या खाचा तारेवर घासल्या की मस्त खरखर येते. मग पहिली तार तुटली. दुसऱ्या दिवशी परत. चार आण्यांत परवडलं नाही.

* * *

धागाकर्ती परत. दादाच्या मित्राला आत्ताच फोन लावला. म्हणाला, "कॅसेट संपली नव्हती गं. पुढचा गोंधळ तुला आवडणार नाही, म्हणून मीच बंद केलं."