सप्टेंबर ते नोव्हेंबर न्यू जर्सीत मुक्काम : तिथून कोणती शहरे पाहावीत?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी आणि माझे यजमान सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत न्यू जर्सीत, एडिसनला मुलीकडे राहणार आहोत. न्यूयॉर्क आणि नायगारा जावई दाखवणार आहेत, त्यामुळे ती दोन ठिकाणे या प्रश्नात धरलेली नाहीत. त्यांच्याखेरीज बोस्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, न्यू ऑर्लिन्स आणि मायामी अशी यादी आम्ही केली आहे, पण ती ऐकलेल्या नावांवरून केलेली आहे; कोणत्या महिन्यात कुठे हवा चांगली असते याचा तीत काहीही विचार झालेला नाही. यजमानांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ-उतार आणि दिवसभराची पायपीट जमणार नाही. आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते. मात्र प्रत्येक गावी भारतीय उपाहारगृह शोधत बसण्याची आमची इच्छा नाही. तिथली माणसे जे खातात त्यातले आपल्याला चालेल ते चाखून पाहायचे आहे. यातली कोणती शहरे ठेवावीत, कोणती गाळावीत, आणि आमच्या ध्यानात न आलेले एखादे ठिकाण असेल तर तेही कृपया सांगावे.

पूर्वकिनारा

ताई, तुम्ही हवेचा मुद्दा आपणहून काढलात हे बरे झाले, कारण अमेरिकेत तोच पहिला ठरवावा लागतो. एकाच आठवड्यात एका टोकाला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला घामाच्या धारा असा हा देश आहे. म्हणून आधी महिना धरावा आणि मग त्या महिन्यात जे शहर सर्वांत चांगले असेल तिकडे जावे.

या हिशेबाने मायामी सरळ गाळावे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिण फ्लोरिडात दमट उकाडा व पाऊस असतो. ते गाव हिवाळ्यात पाहण्याचे आहे.

तुमचा मुक्काम ज्या भागात आहे त्याचा खरा हंगाम मात्र नेमका हाच आहे. दिवस लहान होऊ लागले की मेपल, ओक, बर्च या झाडांच्या पानांतले हरितद्रव्य नाहीसे होते, आतला पिवळा व केशरी रंग उघडा पडतो आणि मेपलमध्ये लाल रंग नव्याने तयार होतो. हा रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत येतो : व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत सप्टेंबरअखेरीस, बोस्टनच्या परिसरात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यामुळे बोस्टन ठेवावे, पण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. न्यूयॉर्कहून रेल्वेने सुमारे चार तासांत पोहोचता येते. तिथला फ्रीडम ट्रेल हा ऐतिहासिक स्थळे जोडणारा चालण्याचा मार्ग सुमारे चार किलोमीटरचा आहे. तो पुरा करण्याचा आग्रह न धरता निम्मा चालून बाकीचा वेळ पब्लिक गार्डनमध्ये बसून घालवला तरी काही बिघडत नाही.

तुमच्या यादीत फिलाडेल्फिया नाही याचे मला फार वाईट वाटले. एडिसनपासून ते इतके जवळ आहे की सकाळी निघून रात्री घरी परतता येते. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना ही दोन्ही ज्या इमारतीत साकारली तो इंडिपेन्डन्स हॉल तिथे आहे. त्याची वेळ आधी राखून ठेवावी. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर रीडिंग टर्मिनल मार्केट हा १८९३ पासूनचा छताखालचा बाजार आहे. आमिश आणि मेनोनाइट या साधी राहणी पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथांतल्या शेतकरी कुटुंबांची दुकाने तिथे आहेत, आणि त्यांच्या गाळ्यांवर पीठ हाताने वळून, भट्टीतून काढल्याबरोबर लोण्याने माखलेले मऊ प्रेट्झेल मिळतात. वरची साल तपकिरी व किंचित खारट, आतला भाग लुसलुशीत, आणि हातात घेताच कागद लोण्याने पारदर्शक होतो. हे दुकानदार रविवार पाळतात, म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी जावे.

या शहराशी आपले एक नातेही आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियाच्याच विमेन्स मेडिकल कॉलेजातून. पुढल्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना आईसारखी माया देणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांचा स्मृतिशिलालेख आहे. मराठी माणसाने न्यू जर्सीपर्यंत येऊन तिथे न जाता परत जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून हडसन मार्गाची गाडी सुमारे दोन तासांत पोकीप्सीला पोहोचते.

शिकागोकर

शिकागो ठेवावे, पण ते सर्वांत आधी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात. त्या वेळी मिशिगन सरोवराचे पाणी उन्हाळ्यातली ऊब धरून असते आणि काठाने फिरणे सुखाचे होते. नोव्हेंबरात याच सरोवरावरून येणारा वारा अंगाला झोंबतो आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाने त्यात फिरू नये.

चालणे नको असेल तर या शहराइतके सोयीचे दुसरे शहर नाही, कारण इथल्या इमारती पाहण्याचा उत्तम मार्ग नदीतून, बोटीत बसून आहे. १८७१ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला आणि तो पुन्हा उभारताना पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींचे तंत्र इथे रुजले. बोटीवरचा माहीतगार एकेका इमारतीचे काम इतके जीव ओतून समजावतो की वास्तुशास्त्रात रस नसलेला माणूसही मान वर करून ऐकत राहतो. ती नदीही पाहण्यासारखी आहे : सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात जाऊ नये म्हणून १९०० साली कालवा खणून तिचा प्रवाह उलटा फिरवण्यात आला.

स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषदेत भाषण केले ती इमारत म्हणजे आजचे आर्ट इन्स्टिट्यूट हे संग्रहालय. त्याच्या आत चाकाची खुर्ची मिळते, ती संकोच न करता घ्यावी. खाण्यात डीप-डिश पिझ्झा घ्यावा. खोल कढईसारख्या भांड्यात आधी चीज, मग पालक किंवा मशरूम आणि सर्वांत वर टोमॅटोचा जाड रस असा तो उलट्या क्रमाने रचतात. भाजायला पाऊण तास लागतो आणि दोघांना लहान आकाराचा एक पुरून उरतो.

लाल_मिरची

सुचवलेल्या नावांत नसलेले एक ठिकाण मी आग्रहाने सांगेन : न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेत याहून सुंदर हवा मला कुठे आढळलेली नाही. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री शालीची थंडी, आणि मागच्या डोंगरांवर ॲस्पेनच्या झाडांची पाने सोन्यासारखी पिवळी. गाव १६१० च्या सुमारास वसलेले, मातीच्या बुटक्या घरांचे आणि मध्यवर्ती चौकाभोवती जवळजवळ सपाट आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी : समुद्रसपाटीपासून उंची २,१०० मीटरहून अधिक आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी विश्रांती घ्यावी, पाणी भरपूर प्यावे, आणि रक्तदाबाची औषधे चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

विमानाने उतरायचे ते अल्बुकर्कीला, आणि १९७२ साली सुरू झालेला उष्ण हवेच्या फुग्यांचा मोठा उत्सव तिथेच ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरतो. पहाटेच्या अंधारात शेकडो फुगे मैदानावर एकामागून एक फुलू लागतात. ज्योत भडकली की अख्खा फुगा आतून कंदिलासारखा उजळतो. इथल्या हवेची गंमत अशी की थंड सकाळी खालचा वारा बहुधा एका दिशेने आणि वरचा उलट दिशेने वाहतो, म्हणून चालक उंची बदलत निघालेल्या जागेजवळ परत येऊ शकतो. राहण्याची जागा मात्र अनेक महिने आधी ठरवावी लागते.

खाण्याच्या बाबतीत मराठी जिभेला हे राज्य परके वाटणार नाही. हिरव्या मिरच्या जाळीच्या पिंपात घालून रस्त्याकडेला भाजतात आणि तो खमंग वास सगळ्या गावात पसरलेला असतो. जेवताना लाल रस्सा हवा की हिरवा असे विचारतात, आणि दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचे. निळ्या मक्याची भाकरीसारखी टॉर्टिया, घेवड्याची उसळ आणि मधासोबत तळलेली, पुरीसारखी फुगीर सोपापिया हे तुम्हाला आवडेल. मात्र हिरव्या रश्श्यात पुष्कळदा डुकराचे मांस आणि घेवड्यात चरबी असते, त्यामुळे मागवण्यापूर्वी दोन्हींबद्दल स्पष्ट विचारावे. मिरची मुळात अमेरिका खंडातली आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेली. तिच्या माहेरी तिचा थाट पाहताना मला फार आनंद झाला.

पूर्वकिनारा

सांता फेच्या सूचनेला माझे अनुमोदन. राहिलेल्या दोन नावांविषयी थोडक्यात लिहितो. सॅन फ्रान्सिस्कोत जुलैत धुके आणि गारठा असतो, कारण आतल्या खोऱ्यातली तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी महासागरावरची थंड हवा गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही ओढ कमी होते, म्हणून तिथला खरा उन्हाळा तोच. हवा अनुकूल असली तरी तिथले चढ यजमानांना झेपणार नाहीत. न्यू ऑर्लिन्सचे संगीत आणि फ्रेंच क्वार्टर मला अतिशय प्रिय आहेत, पण तिथल्या नावाजलेल्या पदार्थांत मासे किंवा मांस जवळजवळ सर्वत्र असते. साखर भुरभुरलेली गरम बेन्ये (तळलेल्या पिठाचा गोड पदार्थ) सोडली तर शाकाहारी माणसाच्या वाट्याला थोडेच येते. ते फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या प्रवासासाठी ठेवावे.

गोदाकाठ (नाशिक)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सप्टेंबरात शिकागो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सांता फे, तिसऱ्या आठवड्यात बोस्टन, आणि फिलाडेल्फिया व पोकीप्सी सवडीने, असे आम्ही ठरवत आहोत. आनंदीबाईंच्या स्मृतिस्थळी जाण्याचे नक्की केले आहे. पोकीप्सीला कधी जावे आणि स्थानकावरून पुढे कसे जायचे?

पूर्वकिनारा

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या वारी जावे. तेव्हा हडसन नदीच्या दोन्ही तीरांवर पानांचा रंग असतो आणि गाड्यांना गर्दी कमी असते. ६५ वर्षे पूर्ण असतील तर तिकिटात सवलत मिळते, म्हणून पारपत्र जवळ ठेवावे. दफनभूमी स्थानकापासून दूर आहे, तेव्हा टॅक्सी करावी आणि परतीसाठी तीच थांबवून घ्यावी. आवार मोठे आहे, त्यामुळे आधी कार्यालयात कार्पेंटर कुटुंबाची जागा विचारून घ्यावी. आणि जाताना गाडीत डाव्या बाजूला बसावे. नदी त्याच बाजूला आहे.