शब्दचर्चा: वेबपेजचं टायटल म्हणजे शीर्षक की मथळा?

वेबपेजच्या 'टायटल'ला मराठीत नक्की काय म्हणायचं? कोणी शीर्षक लिहितं कोणी मथळा, आणि पानावर वरती मोठ्या अक्षरात जे दिसतं त्यालाही बरेच जण टायटलच म्हणतात. मी कुठला शब्द धरू?

—

दोन्ही धरा, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. पानाच्या कोडच्या हेड भागात (ब्राउझरसाठीची माहिती असते तो) जो टायटल टॅग, म्हणजे टायटलची खूण असते तो पानावर कुठे दिसतच नाही, तो दिसतो ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्कमध्ये आणि मुख्य म्हणजे गूगलच्या रिझल्टमध्ये. त्याला शीर्षक म्हणा. पान उघडल्यावर वर ठळक दिसतो तो एच-वन (कोडमध्ये मुख्य मथळ्याची खूण), तो मथळा. मथळा वाचणारा पानावर आलेला असतो, खाली फोटो असतो मजकूर असतो, त्यामुळे 'अखेर भिंत कोरडी झाली!' असलं काहीही खपून जातं. शीर्षकाला असा कसलाच आधार नसतो, वरखाली दुसऱ्यांची शीर्षकं आणि वाचणाऱ्याला तुमचं पान माहीतही नाही, तिथे 'भिंतीला ओल येण्याची कारणं आणि उपाय' असं सरळच लिहावं लागतं. आणि शब्द लोक टाइप करतात तेच घ्या. वॉटरप्रूफिंग शोधणाऱ्याला 'जलरोधन' देऊन काय उपयोग? मजकुरात खुशाल वापरा की.

—

हे पटलं. पण शीर्षक ६० अक्षरांत बसवा म्हणतात ते मराठीत जमतच नाही.

—

तो आकडा इंग्रजीवरून आलाय. गूगल अक्षरं मोजत नाही, स्क्रीनवर जागा किती लागते त्यावर शीर्षक कापतं, डेस्कटॉपवर साधारण ६०० पिक्सेल धरतात. आता 'क्ष' बघा, दिसायला एक अक्षर पण आत क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं, म्हणजे मोजणारं टूल तीन म्हणणार. मात्रा, अनुस्वार पण वेगळे मोजले जातात आणि त्यातल्या काहींना आडवी जागा लागतच नाही. त्यामुळे मोजत बसू नका, महत्त्वाचा शब्द पुढे घ्या, साइटचं नाव शेवटी टाका, कापलं गेलं तर ते जाऊ दे.

—

मी मथळाच टायटलमध्ये कॉपी करते, त्याने गूगलमधलं रँकिंग पडतं का?

—

नाही हो, मथळा नीट असेल तर बिनधास्त करा. घोळ होतो तो सगळ्या पानांना एकच शीर्षक दिल्यावर, नुसतं 'मुख्यपान' लिहिल्यावर, किंवा मजकूर नवा आणि शीर्षकात साल जुनंच राहिल्यावर. मग गूगल मथळ्यातून किंवा दुसऱ्यांनी दिलेल्या लिंकच्या शब्दांतून स्वतःच काहीतरी दाखवतं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनीच सांगितलं होतं की सुमारे ८७ टक्के वेळा टायटल टॅगमधलंच वापरलं जातं, तेव्हा लिहायचा कंटाळा करू नका. आणि हो, रिझल्टमध्ये शेवटी जे दिसतं त्याला ते 'टायटल लिंक' म्हणतात, ती तिसरीच गोष्ट झाली. तिच्यासाठी मराठी शब्द सुचत असेल तर सांगा, मला 'दुवा-शीर्षक' काही आवडत नाही.