अनुभव धागा: फ्लेक्सवरचं घर आणि आपला प्लॉट

साताऱ्यात पोवई नाक्याकडून हायवेला निघालं की फ्लेक्सवरच्या घरांवर बारा महिने मावळतीचं ऊन. अंगणातली फरशी ओली, आभाळ मात्र स्वच्छ. ही चित्रं आमच्यासारखी माणसं करतात, माझा धंदाच थ्रीडीचा. पूर्वी एका एलिव्हेशनचं, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचं, चित्र संगणकावर तयार व्हायला रात्र जायची. आता गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतं आणि 'जरा तो रंग बदला की' म्हणेपर्यंत रंग बदललेला असतो. ही करामत गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची. एपिक गेम्स कंपनीचं असं अनरियल इंजिन 1998 साली एका गोळीबाराच्या गेमबरोबर आलं. ट्विनमोशन हे आर्किटेक्ट लोकांचं सॉफ्टवेअर त्याच एपिक गेम्सनं 2019 मध्ये विकत घेतलं. जाहिरातीतलं घर गेमसारखं दिसतं, कारण ते गेमच्याच इंजिनात उभं केलेलं असतं.

सातारा-सांगली भागात अशी चित्रं बघून ज्यांनी घर घेतलं, बांधलं, विकलं किंवा नाद सोडला, त्यांनी लिहा. बिल्डरची नावं नकोत. फ्लेक्सचे फोटोही नकोत, त्यावरून साइट लगेच ओळखू येते.

गोडोलीची सून
आम्हाला रो-हाऊस दाखवलं ते डोळ्यांना तो व्हीआरचा डबा लावून, आपण घरात उभे आहोत असं वाटतं तो. सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या ओरडल्या, "अगं, मला खाली उतरव!" मला मात्र मजा आली. स्वयंपाकघरात उभी राहिले आणि विचारलं, सिलिंडर कुठं ठेवायचा? एक चालू, एक भरलेला. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, ते मॉडेलमध्ये घेतलं नाही." मग धुणं कुठं वाळत घालू? इन्व्हर्टर कुठं? बोअरची मोटार कुठं? हेही घेतलं नव्हतं. ओट्यावर हिरव्या सफरचंदांचं भांडं तेवढं घेतलं होतं. नंतर सँपल घर बघायला गेलो, तर बेडरूममध्ये पलंग टाकल्यावर कपाटाचं दार अर्ध्यापुढं उघडेना. स्क्रीनवर तिथं आम्ही चौघं हिंडलो असतो.

पार्टटाइम गेमर, विश्रामबाग
ताई, त्या पलंगाचं मी सांगतो. गेममध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याला एका वेळी किती रुंद दिसतं तो आकडा, वाढवला की कडेनं येणारा शत्रूसुद्धा दिसतो. तोच आकडा घरात वाढवला की दहा बाय अकराची खोली हॉल वाटायला लागते. वर सॉफ्टवेअरमधला तयार पलंग ओढून थोडा आखडला की काम झालं, कोण टेप घेऊन बसतंय?

वडिलांबरोबर फ्लॅट बघायला गेलो तेव्हा त्या दादाला म्हटलं, कॅमेरा सव्वापाच फुटांवर आणा, माणसाचा डोळा तिथं असतो. आणि कोलिजन चालू करा. म्हणजे आडवं काही आलं की आपण अडतो, आरपार जात नाही. त्यानं कुरकुरत केलं. सोफा आणि टीव्ही युनिटच्या मधे आम्ही जे थांबलो ते थांबलोच. वडील म्हणाले, "हँग झालं का काय?" हँग कसलं, वाटच नव्हती.

जाता जाता एक. 'द सिम्स' हा 2000 सालचा गेम विल राइटच्या डोक्यात आला तो 1991 च्या ओकलंडच्या आगीत त्याचं घर गेल्यावर. सुरुवातीला तो घर बांधण्याचाच गेम होता. माणसं त्यात घातली ती घर राहायला कसं आहे ते कळावं म्हणून. आमच्या जाहिरातवाल्यांनी नेमकी तीच काढून टाकली.

कृष्णाकाठ
सांगलीत प्लॉट म्हटलं की पहिला प्रश्न एकच, 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 आहे, म्हणजे हिशेब करा. आम्हाला वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरवणारा व्हिडिओ, दाखवला त्यात पाणी होतं, पण निळंशार, टाइल्स लावलेल्या टाकीत.

आमच्या प्लॉटशेजारच्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. रंग दिला तरी ओल तिथंच फुटते. गवंड्यानं पारदर्शक नळीत पाणी भरून त्या रेघेची लेव्हल आमच्या कोपऱ्यातल्या खांबावर आणली आणि खडूनं खूण केली. ते माप घेऊन मी आर्किटेक्टच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, तुमच्या गेममध्ये पाणी हलवता येतं ना? मग एवढं चढवा. पोरगं हसलं, पण पाण्याचा एक मोठा चौकोन टाकून वर सरकवत गेलं. जोतं गेलं, ओटा गेला, खिडकीच्या गजांपर्यंत आलं. ऑफिसात कुणी बोलेना. नकाशा तिथल्या तिथं बदलला. खाली नुसतं पार्किंग, मीटर आणि बोर्ड जिन्याच्या वरच्या वळणावर. एलिव्हेशन पहिल्यासारखं देखणं राहिलं नाही, आमच्या मंडळी अजून बोलून दाखवतात.

सेंटरिंगवाला
गेमात स्लॅबला खांब लागत न्हाई. आमाला लागतो. आठ फूट बाहेर काढलेली गॅलरी मोबाइलवर दाखवत्यात आणि म्हंत्यात, अश्शीच पायजे. छज्जा तर कुणाला नकोच, म्हणं लूक जातो. यवतेश्वरच्या अंगाला एक पावसाळा काढा मग सांगा.

काळा कोट, मिरज
2016 च्या रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचं कलम 12 बघून ठेवा. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका बघून पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. म्हणून व्हिडिओ, माहितीपत्रक, व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं तारखेसह जपून ठेवा. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेरानं, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणानं, जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय, तो स्कॅन करून मंजूर नकाशा आणि कार्पेट एरिया बघा. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर प्रकल्पाची महारेराकडं नोंदणी लागत नाही. आपल्याकडची छोटी कामं पुष्कळदा यातच बसतात, तिथं क्यूआर शोधत बसू नका.

धागाकर्ता
उन्हाचा विषय राहिला. बहुतेक चित्रांत सूर्य फोटो चांगला येईल तिथं टांगलेला असतो, कधी चक्क उत्तरेला. ट्विनमोशनमध्ये गाव, तारीख, वेळ घालता येते, पण गिऱ्हाईक मागत नाही. डिसेंबरात साताऱ्यात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. शेजारच्या तीस फुटी घराची सावली तेव्हा सव्वीसेक फूट लांब पडते. दक्षिणेला दहा फुटांवर तसं घर असेल तर तुमच्या खालच्या हॉलला हिवाळाभर ऊन नाही. मी हल्ली शेजाऱ्यांची घरं करड्या ठोकळ्यांसारखी मॉडेलमध्ये टाकतो. बिल्डर म्हणतात, काढा ते, घाण दिसतं. स्वतःसाठी बांधणारे म्हणतात, राहू द्या.

करंजेकर
दोन गुंठ्यांत घर बांधायचंय, प्लॅन तयार आहे. असं ऊन बघायचं तर तुमच्याकडं काय काय घेऊन येऊ?

धागाकर्ता
प्लॅनची ऑटोकॅड फाइल, उत्तर दिशा नीट मोजून, आणि तिन्ही बाजूंच्या घरांची उंची. नक्की माहीत नसेल तर मजले मोजा. कपाट, पलंग, देवघर जुनंच नेणार असाल तर त्यांची मापंही आणा. आणि घरात स्वयंपाक कोण करतं, त्यांनाही सोबत घेऊन या.