मदत हवी आहे: सहीशिवाय संमती कशी नोंदवायची? (एमए, स्त्री अभ्यास)

एमएचं शेवटचं सत्र चालू आहे. लघुप्रबंध नवी मुंबईत कोपरखैरणे भागातल्या मजूर नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या बिगारी बायकांवर आहे: मजुरीतला फरक, आणि घरी परतल्यावरचं काम. पंधरा मुलाखती हव्यात, सहा झाल्या.

अडलंय ते संमतीपत्रावर. बोलायला सगळ्या तयार असतात, पण कागद काढला की पदर सावरून मागे सरकतात. एक ताई म्हणाल्या, "सही केली की घर जातं, बघितलंय आम्ही." त्यावर काय बोलणार! अंगठ्यालाही नकार. पत्र सोप्या मराठीत पुन्हा लिहिलं, 'लिंगभाव' काढून 'बाई म्हणून आलेले अनुभव' केलं, नाव ऐच्छिक ठेवलं. फरक शून्य.

मार्गदर्शक बाईंना मात्र परिशिष्टात सह्या हव्यात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत नैतिकता समितीच्या मंजुरीने तोंडी संमतीची सोय आहे, पण ती जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी. आमच्याकडे चालेल का, यावर विभागात कोणी ठाम बोलत नाही.

आवाज रेकॉर्ड करायला चार जणी तयार आहेत, बाकीच्यांना तेही नको. साक्षीदार म्हणून मुकादम नकोच, त्याच्यासमोर मजुरीबद्दल कोण खरं बोलेल? मुलाखतीसाठी दुसऱ्या बायका शोधणं किंवा विषय बदलणं आता शक्य नाही, महिन्याभरात मसुदा द्यायचाय.

सामाजिक शास्त्रांत एमए किंवा पीएचडीला कोणी तोंडी संमतीवर काम केलंय का? समितीकडे अर्ज कसा मांडलात, आणि रेकॉर्डिंगही नको म्हणणाऱ्यांची संमती परिशिष्टात नेमकी कशी दाखवलीत?