मदत हवी आहे : देवळालीच्या पत्त्यावरचं जुनं खाण-शेअर सर्टिफिकेट

कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या ऊरेगाम कंपनीचं शेअर सर्टिफिकेट नाशिकमध्ये रद्दीत मिळालं. भागधारक इंग्रज कॅप्टन, पत्ता देवळाली कॅम्प. शाई उडाल्यामुळे आडनाव अर्धवटच लागतं. १९५६ मध्ये खाणी म्हैसूर सरकारकडे गेल्या, त्यामुळे ‘पैसे मिळतील का’ हा प्रश्न नाही. विकायचंही नाही; हा कॅप्टन कोण होता, एवढंच शोधायचंय. (लॅमिनेशनचा सल्ला कृपया नको, आधीच कुणीतरी मागून चिकटपट्टी मारून ठेवलीय!)

कंपनी लंडनमध्ये नोंदलेली, त्यामुळे कंपनीची कागदपत्रं मुंबईत शोधून उपयोग नाही. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणारं लंडनमधलं ब्रिटिश खातं) बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी ऑनलाइन चाळल्या. अर्ध्या आडनावावर काही हाती लागलं नाही. लंडनला जाणं शक्य नाही.

देवळाली छावणीतल्या त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या याद्या किंवा बंगल्यांची कागदपत्रं नाशिक-पुणे-मुंबईत कुठे पाहता येतील, आणि त्यासाठी परवानगी कुणाकडे मागायची?