५० अश्वशक्तीच्या वरचा कॉमन रेल ट्रॅक्टर : जुन्या डिझेल पंपात नेमके काय कमी होते?

ऊसकरी, वाळवा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००४ सालचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. वीस वर्षांत त्याचा डिझेल पंप दोनदाच खोलावा लागला आणि नोझल तर आमचे गावातले मिस्त्री हातपंपावर फवारा पाहून स्वतःच बसवून देतात. आता खोल नांगरट आणि उसाच्या दोन ट्रॉल्या यांसाठी ५५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्यायचा विचार आहे. ५० अश्वशक्तीच्या वरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराचे निकष लागू झाले आहेत, आणि मी पाहिलेल्या तिन्ही मॉडेलांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामायिक दाबनळीतून डिझेल देणारे, इंजिनच आहे. मिस्त्री म्हणतात, "दादा, याला पाना चालत नाही, लॅपटॉप लागतो. पन्नासच्या आतला घ्या आणि सुखाने झोपा."

त्यांच्या हाताला मी मानतो, म्हणून त्यांचे म्हणणे उडवून लावायचे नाही. पण पैसे घालण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. धूरच कमी करायचा होता, तर आहे त्याच पंपाचा दाब वाढवून भागले नसते का? आणि विक्रेता डिझेलची मोठी बचत होईल असे सांगतो, ती खरी धरावी का? ज्यांनी पंप आणि इंजेक्टर स्वतः उघडून पाहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातपूरकर

दादा, मी नाशिकला एकतीस वर्षे पंप आणि नोझल दुरुस्तीचे काम करतो. सातपूरचा मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, कारखाना नोझल आणि इंजेक्टर बनवतो. त्यामुळे या कामाची माणसे आमच्या शहरात गल्लोगल्ली भेटतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तुमच्याच जुन्या ट्रॅक्टरवरून देतो.

बॉनेट उघडून पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्या नीट पाहा. पंपाच्या जवळच्या सिलिंडरची नळी सरळ न नेता मुद्दाम वळण देऊन नेलेली दिसेल, कारण सगळ्या नळ्यांची लांबी सारखी ठेवावी लागते. पंपातला प्लंजर, म्हणजे वर-खाली सरकणारा दांडा, डिझेल ढकलतो तेव्हा दाबाची लाट नळीतून धावत नोझलपर्यंत जाते आणि तिथे वाट अडवून बसलेली सुई उचलते. एक नळी लांब आणि दुसरी आखूड असली, तर ही लाट एका सिलिंडरला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचेल आणि टायमिंग बिघडेल. जुन्या पद्धतीची सगळी हुशारी आणि सगळी अडचण त्या वळणात दिसते. दाब निर्माण करणे, डिझेल मोजणे आणि वेळ साधणे ही तिन्ही कामे कॅमच्या, म्हणजे प्लंजर उचलणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या, एकाच धक्क्यावर सोपवलेली आहेत.

प्लंजरवर एक तिरपी खाच कापलेली असते. तुम्ही रेस वाढवता तेव्हा वेग सांभाळणारा गव्हर्नर आणि रॅक नावाची दातेरी पट्टी मिळून प्लंजर थोडा फिरवतात, ती खाच बॅरलच्या, म्हणजे प्लंजरभोवतीच्या नळकांड्याच्या, छिद्रासमोर उशिरा येते आणि तेवढे जास्त डिझेल जाते. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि ती बंद करायला कोणतेही वॉशर किंवा रबर नसते, नुसती घासून आणलेली धातूची जोडी असते. बॉशने असे पंप १९२७ साली कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि त्यानंतरच डिझेल इंजिन ट्रकवर खऱ्या अर्थाने चढले. त्यापूर्वी रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ च्या आउग्सबुर्ग येथील इंजिनात डिझेल फवारण्यासाठी दाबाची हवा लागत असे आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर बाळगावा लागे. चाचणीत त्या इंजिनाने २६.२ टक्के कार्यक्षमता दाखवली होती, पण तो सगळा संसार गाडीवर मावणारा नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. या पंपाचा दाब वाढवता येतो आणि वाढवलाही गेला. भक्कम कॅम आणि जाड बॅरल घालून काही पंप हजार बारच्या पुढे नेले गेले (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा). पण हा दाब मिळतो इंजिन पूर्ण वेगात असताना. भरलेल्या ट्रॉल्या घेऊन तुम्ही शेतातून बांध चढून डांबरीवर येता, इंजिन दबते, फेरे कमी होतात, त्याच क्षणी कॅमही हळू फिरतो, प्लंजर हळू सरकतो आणि दाब पडतो. जिथे सर्वांत बारीक फवारा हवा, तिथेच तो जाड होतो. त्या चढावर दिसणारा काळा धूर तुमच्या ओळखीचा असेल. चांगल्यात चांगला पंपवालाही त्याला एका मर्यादेपलीकडे आवरू शकत नाही, कारण हा दोष बसवण्यातला नसून रचनेतला आहे.

कॉमन रेलने ही गाठ सोडवली. पंपाने फक्त दाब तयार करायचा आणि तो एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवून ठेवायचा. डिझेल कधी आणि किती सोडायचे हे इंजेक्टरने ठरवायचे. इंजिनाचे मिनिटाला फेरे ९०० असोत की २०००, रेलमध्ये हवा तो दाब तयारच असतो. कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पाणबुड्यांच्या व्हिकर्स इंजिनांत अशी सामायिक नळी होती, पण झडपा यांत्रिक होत्या. २००० फेऱ्यांना क्रँकचा एक अंश सरायला केवळ ८३ मायक्रोसेकंद लागतात. इतक्या थोड्या वेळात उघडून मिटणारी आणि दर वेळी वेगळ्या हुकमाने चालणारी झडप विजेशिवाय साधणे कठीण होते. स्वित्झर्लंडमध्ये १९६० च्या दशकात रॉबर्ट हूबर यांनी आणि पुढे झुरिकला मार्को गान्सर यांनी यावर काम केले. १९९५ साली डेन्सोची प्रणाली जपानमध्ये हिनोच्या ट्रकवर आली. मोटारींसाठीची प्रणाली फियाटच्या गटात मारिओ रिक्को यांच्या चमूने विकसित केली, बॉशने ती उत्पादनाला योग्य केली आणि १९९७ मध्ये ती अल्फा रोमिओ १५६ मध्ये १३५० बार दाबाने बाजारात आली.

या सगळ्यात मला सर्वांत मोठा शोध वाटतो तो इंजेक्टरच्या आतला. लोकांना वाटते की विजेचे चुंबक सुई उचलते. तसे नाही. सुईला खालून जो दाब असतो, तोच तिच्या डोक्यावरच्या एका लहानशा कोठडीतही असतो, आणि वरचे क्षेत्रफळ जास्त असल्याने सुई बसून राहते. चुंबक फक्त त्या कोठडीचे सुईच्या टोकाएवढे भोक उघडते. कोठडीतले थोडेसे डिझेल परतीच्या नळीत निघून जाते, डोक्यावरचा दाब उतरतो आणि खालचे डिझेलच सुईला वर ढकलते. १६०० बारशी झुंजण्याचे काम त्या दाबाकडूनच करून घेतले आहे. मी पहिला इंजेक्टर खोलून ते भोक मिटवणारी बारीक गोळी आणि तिची बैठक भिंगाखाली पाहिली, तेव्हा बराच वेळ हातातले काम बाजूला राहिले होते.

ज्वलनकक्ष

सातपूरकरांनी पंपाची बाजू उत्तम मांडली आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतर्ज्वलन इंजिने हा विषय शिकवतो, म्हणून सिलिंडरच्या आत काय होते ते सांगतो आणि बचतीच्या प्रश्नावर विक्रेत्याशी असहमती नोंदवतो.

डिझेल आत गेल्याबरोबर पेटत नाही. त्याचे थेंब फुटतात, त्यांची वाफ होते, ती तापलेल्या हवेत मिसळते आणि मग ठिणगीशिवाय पेट घेते. या मधल्या क्षणभरात जेवढे डिझेल साचते, ते सगळे एकदम भडकते आणि तीच आपल्या ओळखीची टकटक. साचलेले इंधन जितके जास्त, तितका आवाज मोठा, तापमानाची उसळी मोठी आणि नायट्रोजन ऑक्साइडेही जास्त. कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याच्या काही अंश आधी एक चिमुकला फवारा सोडता येतो. प्रमाण पाहा. तुमच्या ५५ अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरी इंजिनात पूर्ण भारावर एका फवाऱ्यात साधारण ६५ घनमिलिमीटर डिझेल जाते, म्हणजे एक टपोरा थेंब. आधीचा फवारा अवघा एक-दोन घनमिलिमीटरचा असतो. तेवढ्याने आतली हवा आणखी तापते, मुख्य फवारा आत येताच पेटू लागतो आणि भडका उडत नाही. यांत्रिक पद्धतीत हे साधण्यासाठी दोन स्प्रिंगांचे नोझल होल्डर बनवले गेले, पण त्यांनी फवाऱ्याची सुरुवात मंद होते, तो वेगळा तोडता येत नाही.

आता बचत. मोटारींमध्ये कॉमन रेलमुळे मायलेज खूप वाढले हे खरे, पण त्याचे कारण समजून घ्यावे. मोटारींच्या जुन्या डिझेल इंजिनांत इंधन मुख्य कक्षात न जाता शेजारच्या लहान कोठडीत फवारले जाई. या रचनेचे पेटंट मानहाइमच्या बेन्झ कंपनीत प्रोस्पेर लोरांज यांनी १९०९ साली घेतले होते. आवाज सौम्य होई, पण त्या कोठडीच्या भिंतींतून उष्णता वाया जाई. १९९८ च्या टाटा इंडिकाचे डिझेल इंजिन याच अप्रत्यक्ष फवाऱ्याच्या जातीचे होते. पुढे रांजणगावला बनू लागलेले १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन थेट फवाऱ्याचे होते आणि त्यात एका ज्वलनात पाचपर्यंत फवारे देता येत. मोटारीच्या मालकाला मिळालेल्या बचतीचा मोठा भाग कोठडी गेल्यामुळे मिळाला. थेट फवारा मोटारीत बसण्याइतका शांत झाला, हे श्रेय मात्र कॉमन रेलचे.

तुमचा २००४ चा ट्रॅक्टर मुळातच थेट फवाऱ्याचा असणार. म्हणजे ती मोठी उडी तुमच्याकडे आधीच घेऊन झाली आहे. शिवाय नायट्रोजन ऑक्साइडे कमी ठेवण्यासाठी नव्या इंजिनात फवारा उशिरा सुरू करतात आणि धुराचा काही भाग पुन्हा आत घेतात. या दोन्हींनी इंधन थोडे जास्तच लागते. उच्च दाबाच्या बारीक फवाऱ्याने मिळवलेला फायदा बऱ्याच अंशी ती भरपाई करण्यात खर्च होतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, या ट्रॅक्टरकडून कमी फेऱ्यांना चांगली ओढ, स्वच्छ धूर आणि कमी आवाज यांची अपेक्षा खुशाल ठेवावी, पण डिझेलच्या मोठ्या बचतीवर कर्जाच्या हप्त्याचे गणित बसवू नये.

ऊसकरी, वाळवा

दोघांचेही मनापासून आभार. नळ्यांची वळणे आत्ताच बॅटरी घेऊन पाहून आलो. वीस वर्षे रोज पाहत होतो आणि कारण कधी विचारले नव्हते. बचतीचे गणित मी कागदावरून खोडले आहे. चढावरच्या ओढीसाठी हाच ट्रॅक्टर घेण्याकडे कल आहे. आता एवढेच विचारतो की, आम्ही हंगामात डिझेल पत्र्याच्या पिंपात भरून ठेवतो आणि एखादा सिलिंडर मिस मारू लागला की मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नळीचा नट ढिला करून तो शोधतात. नव्या इंजिनावर हे चालेल का?

सातपूरकर

दादा, दुसरी गोष्ट आधी सांगतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. कॉमन रेलवर चालू इंजिनाचा नट कधीही ढिला करायचा नाही. जुन्या नळीत दाब क्षणभर येतो आणि जातो. रेलमध्ये तो सतत उभा असतो. हजार-दीड हजार बारची ती बारीक धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असे झाल्यास हळद लावून घरी थांबू नये, त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. इंजिन बंद केल्यावरही कंपनीच्या पुस्तकात दिलेली वेळ थांबूनच नळीला पाना लावावा. मिस मारणारा सिलिंडर स्कॅनरवर कळतो, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारख्या बाटल्या लावून कोणती लवकर भरते ते पाहिले तरी गळका इंजेक्टर सापडतो. ही दुसरी चाचणी तुमचे मिस्त्री एका दिवसात शिकतील.

पिंपाबद्दल. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एका पिकअपचे चारही इंजेक्टर आले. गाडीत तक्रार एवढीच होती की सकाळी लवकर सुरू होत नाही. खोलले तर सुयांवर तांबूस डाग पडलेले आणि एक सुई बैठकीत घट्ट धरलेली. मालकांशी बोलताना कळले की डिझेल अंगणातल्या पिंपातून येत होते. अर्धे रिकामे पिंप रात्री थंड होते, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन उतरते आणि तळाला साचते. जुना पंप असे पाणी काही दिवस सोसून घ्यायचा. इथे सुईच्या डोक्यावरचे ते भोक आणि गोळीची बैठक पाणी किंवा गंज अजिबात सोसत नाहीत, कारण त्यांना वंगण म्हणून डिझेलखेरीज दुसरे काहीच मिळत नाही. शक्य तर पिंप बंदच करा. ते जमत नसेल तर पिंप सावलीत आणि भरलेले ठेवा, तळाचे चार बोटे डिझेल ट्रॅक्टरला घालू नका, आणि फिल्टरखालच्या वाटीतले पाणी हंगामात रोज सकाळी सोडा. फिल्टर कंपनीच्या मायक्रॉनचाच घ्या. स्वस्त फिल्टरने वाचवलेले पैसे एका इंजेक्टरच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

आणखी एक. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. तो इंजेक्टर कोणत्या दाबाला किती डिझेल सोडतो, याची कारखान्यात घेतलेली नोंद त्या कोडमध्ये असते आणि संगणक तीच वाचून प्रत्येकाला वेगळा हुकूम देतो. इंजेक्टर बदलला किंवा जागा अदलाबदल झाली तर नवा कोड स्कॅनरने भरावाच लागतो, नाहीतर नवा कोरा इंजेक्टर बसवूनही इंजिन थरथरत राहते. ट्रॅक्टर घरी आला की पहिल्याच दिवशी सगळ्या कोडांचे फोटो सिलिंडरच्या क्रमाने काढून ठेवा.

मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. गाळप संपल्यावर त्यांना दोन दिवस नाशिकला घेऊन या. माझ्याकडे कापून ठेवलेला एक इंजेक्टर आहे, तो भिंगाखाली त्यांना दाखवतो आणि बाटल्यांची चाचणी त्यांच्याच हातून करून घेतो.