कोल्हापूरची पदवी, बेळगावचं बी.एड. आणि दुबईची शाळा

नमस्कार मंडळी,

मी टिळकवाडीत राहते. नणंदेनं मला या ईमेल-यादीवर घेतलं, ती शारजात असते. बेळगावातल्या एका मराठी माध्यमाच्या विनाअनुदानित हायस्कूलमध्ये बारा वर्षं इंग्रजी शिकवते. बी.ए. कोल्हापूरचं, शिवाजी विद्यापीठाचं, कारण माहेर गडहिंग्लजचं. बी.एड. लग्नानंतर इथंच केलं, त्यावर राणी चन्नम्मा विद्यापीठाचा शिक्का आहे. मिस्टर उद्यमबागमध्ये मशीन शॉपला आहेत. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत, दोघंही मराठी माध्यमात. सासूबाई येळ्ळूरला असतात, त्या येणार नाहीत.

दुबईतल्या एका सीबीएसई शाळेनं ऑनलाइन मुलाखत घेतली. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटांचा डेमो, म्हणजे नमुन्याचा तास, मागितलाय. निवड झाली तर एप्रिलमध्ये हजर व्हायचं, म्हणजे हातात तीन महिने. कागदपत्रांची यादी आलीय आणि सगळ्यावर अटेस्टेशन, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, हवंय म्हणे. गावातला एक एजंट म्हणतो, दीड लाख द्या, व्हिसासकट सगळं मी बघतो.

पैसे देऊ का? चौघं एकदमच जावं का? आणि खरं सांगायचं तर, मराठी शाळेतल्या मास्तरणीला तिथं कोण उभं करेल, ही धास्ती मोठी आहे.

आपली,
टिळकवाडीहून

---

अगं ताई,

माझं माहेर शहापूर, बेळगावचं. दुबईत चौदा वर्षं शिकवतेय. एजंटाला एक रुपया देऊ नको. इथल्या कामगार कायद्याप्रमाणे नेमणुकीचा आणि व्हिसाचा खर्च शाळेनं करायचा असतो, तो शिक्षकाकडून वसूल करता येत नाही. आपल्याकडेही परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याखाली सरकारी परवाना लागतो आणि परवानाधारकालासुद्धा उमेदवाराकडून ₹३०,००० आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. दीड लाख मागणाऱ्याला परवान्याचा नंबर विचार आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपासून बघ. तुझी मुलाखत तर शाळेनं स्वतःच घेतलीय, मग मधला माणूस कशाला? आणि 'आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांब.

आता कागद. तुझ्या मेलमधलं 'बी.ए. कोल्हापूरचं, बी.एड. इथंच' हे वाचलं आणि माझे जुने दिवस आठवले. आपल्या सीमाभागातल्या माणसाचं हेच असतं. निम्मं आयुष्य महाराष्ट्रात, निम्मं कर्नाटकात, आणि शिक्का मारणारं राज्य ठरतं ते कागद जिथला त्यावरून, तू राहतेस कुठं यावरून नाही. पदवीवर पहिला शिक्का त्या राज्याच्या शिक्षण खात्याचा. म्हणजे शिवाजी विद्यापीठाची पदवी मुंबईकडे, चन्नम्मा विद्यापीठाची बेंगळूरूकडे. जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांना राज्याच्या गृहखात्याचा. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल ना? मग मुलाचा दाखला गडहिंग्लजचा, तोही मुंबईकडे. मुलगी बेळगावात झाली असेल तर तिचा बेंगळूरूकडे. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, मग दिल्लीतली यूएईची वकिलात, आणि इथं आल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा शेवटचा शिक्का. अपोस्टिलचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत एकाच शिक्क्यावर चालणारं, स्टिकर लावून येऊ नको. भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण यूएई नाही. ओमान, बहरीन, सौदीला जाणाऱ्यांना अपोस्टिल चालतं, तुला वकिलातीची वाट धरावी लागेल.

मी तेव्हा सगळा गठ्ठा एका कुरिअरवाल्या मध्यस्थामार्फत बेंगळूरूला पाठवला होता. कोल्हापूरची पदवी तशीच परत आली आणि तीन आठवडे हातचे गेले. तू पहिल्याच दिवशी दोन फायली कर. शिक्का देण्याआधी खातं विद्यापीठाकडून पडताळणी मागवतं, तिथंच खरा वेळ जातो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आजच अर्ज टाक, डेमोच्या निकालाची वाट बघू नको.

नावं ताबडतोब ताडून बघ. बी.ए. वर माहेरचं नाव, बी.एड. वर सासरचं, कर्नाटकातल्या काही मार्क्स कार्डांवर नुसती आद्याक्षरं, पासपोर्टवर तिसरंच काही, असं आपल्याकडे सर्रास असतं. लग्नाची नोंदणी सब-रजिस्ट्रारकडे झाली नसेल तर आधी ती करा. हॉलचा किंवा देवळाचा दाखला चालत नाही. सगळी नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेव. गावाच्या नावाची मात्र काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, तेव्हापासून आमच्या घरात एकाच्या पासपोर्टवर एक आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरं आहे. आजवर कुणी अडवलं नाही.

आणि 'कोण उभं करेल' म्हणालीस, ते मला टोचलं. बारा वर्षं तू ज्या मुलांना इंग्रजी शिकवलंस त्यांच्या घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, टीव्हीवर हिंदी. इथल्या माझ्या वर्गात मल्याळी, तमिळ, उर्दू, बंगाली बोलणारी मुलं बसतात. घरात इंग्रजी नसलेल्या मुलाला इंग्रजीत बोलतं करायचं, हेच इथलं काम आहे आणि तू ते आधीपासून करतेस. मुलाखतीत हे सांग, बिचकत नको, पहिल्या दोन मिनिटांत सांग.

डेमोत मात्र आपली जुनी सवय आडवी येते. धडा वाचायचा, वाक्यागणिक मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर उतरवून द्यायची, हे तिथं पडेल. वीस मिनिटांत तू सहा-सात मिनिटांच्या वर बोलू नको. एकच छोटी गोष्ट घे. समजा 'ए' आणि 'द' हा फरक. मराठीत ही भानगडच नाही, म्हणून आपली पोरं एक तर ते गाळतात, नाही तर सगळीकडे 'द' लावतात. व्याकरणाचा नियम सांगू नको. एक छत्री दाखव: आय सॉ ॲन अम्ब्रेला. ती टेबलाखाली ठेव: द अम्ब्रेला इज अंडर द टेबल. मग मुलांच्या दप्तरातल्या वस्तू घे आणि वाक्यं त्यांच्याच तोंडून काढ. 'समजलं का?' असं विचारू नको, त्याला सगळे होच म्हणतात. 'पहिल्यांदा सांगताना मी काय म्हणाले? दुसऱ्यांदा का बदललं?' असं विचार. मुलानं चुकीचं वाक्य म्हटलं तर लगेच दुरुस्त न करता शेजारच्याला विचार. परीक्षक हेच बघत असतात, म्हणजे वर्गात बोलतंय कोण.

टेफल किंवा सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचे कोर्स आत्ता करायची गरज नाही. सीबीएसई शाळा पदवी, बी.एड. आणि अनुभव बघते. सेल्टा चांगला कोर्स आहे, १२० तासांचा, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. पण त्याचा उपयोग मोठ्यांना शिकवणाऱ्या संस्थांत जास्त.

चौघं एकदम येऊ नका. फॅमिली व्हिसासाठी पगार ४,००० दिरहम लागतो, किंवा शाळा घर देत असेल तर ३,०००. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार, घर, विमा, मुलांच्या फीची सवलत हे सगळं वेगवेगळं लिहून घे, तोंडी काही धरू नको. घर स्वतः घेतलंस तर भाडं आगाऊ चेकनं द्यावं लागतं आणि करार इजारीत, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदवावा लागतो, त्याशिवाय फॅमिली व्हिसा पुढं सरकत नाही. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं. तू आधी ये. हवं तर पहिला महिना आमच्याकडे राहा, खोली रिकामी आहे.

तुझी,
शहापूरची अक्का

---

वहिनी, नमस्कार.

मी मूळचा निपाणीचा, हनोईत आहे. दुबईचं जमलं नाही तर व्हिएतनामचा विचार मनात येईल, म्हणून थोडक्यात लिहितो. इथं वर्क परमिटला पदवी, टेफलसारखं प्रमाणपत्र आणि पोलीस क्लिअरन्स लागतं. काम मिळतं. पण भाषा-केंद्रांच्या जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' हा शब्द असतो आणि त्याच कामाला आपल्याला कमी पैसे सांगतात. मी पहिल्या केंद्रात हे मुकाट्यानं घेतलं, दुसऱ्या ठिकाणी भांडून वाढवून घेतलं. एकट्याला इथं छान निभतं. दोन शाळकरी मुलं घेऊन मात्र अवघड, कारण इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी आपल्या पगारात बसत नाही. तुमच्यासाठी आखातच बरं.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट खात्यातूनच मिळतं, ते दुबईलाही मागतील. पत्ता बदलला असेल तर काय करायचं ते आधी तिथंच विचारून घ्या.

---

चिरंजीव सौ. ताईस,

मी अठरा वर्षं अबूधाबीत होतो, आता बेळगावात परतलोय. अक्कांनी सगळं नीट लिहिलंय. फक्त मुलाबद्दल दोन शब्द, कारण आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही इथंच चुकलो.

त्याला आम्ही नववीच्या तोंडावर नेलं. सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि अभ्यास तिथून दहावीच्या मापानं चालतो. मराठी माध्यमातलं पोर, एकदम विज्ञान इंग्रजीत, वर हिंदी. तिथल्या खाजगी शाळांत नववीपर्यंत अरबीही घ्यावी लागते. दोन वर्षं तो घरात बोलायचाच बंद झाला होता. आम्हाला वाटायचं वयाचं आहे.

म्हणून तुमच्या मुलाला 'एक वर्षानं नेऊ' असं करू नका. तुम्ही एप्रिलमध्ये जा, पण त्याला आठवीतच न्या. तिथल्या शाळा जुलै-ऑगस्टला बंद असतात, उघडताना तो वर्गात बसला पाहिजे. जागा राखून ठेवल्याचं शाळेकडून आत्ताच लेखी घ्या. तोवर इथं जूनपासून आठवीला बसू दे, वर्ष मोडू नका. टीसीवर बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, ऑफिसची सही लागेल, ती राहून गेली तर तिथून मागवणं फार जिकिरीचं होतं. आतापासून गणित आणि विज्ञानाचे शब्द रोज दहा-दहा इंग्रजीत करून घ्या. तुम्हीच शिक्षिका आहात, बाहेर शिकवणी शोधायला नको. मुलगी लहान आहे, ती रुळेल.

मिस्टरांनी नोकरी सोडायची घाई करू नये. फॅमिली व्हिसावर आलेल्यालाही वेगळं परमिट घेऊन काम करता येतं. उद्यमबागेत हात बसलेल्या माणसाला तिथं काम मिळेल, पण ते शोधायला तो स्वतः तिथं हवा, आणि तोवर इथला पगार चालू हवा. आणि आईंना येळ्ळूरला एकटं ठेवणार असाल तर मी शनिवारी त्या बाजूला जातोच, डोकावत जाईन.

---

अक्का, दादा, काका,

तुमच्या मेल्स मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. सासूबाई कालच येळ्ळूरहून आल्यात. काकांचं शेवटचं वाक्य ऐकून त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

एजंटाला नाही म्हणून सांगितलं. परवान्याचा नंबर विचारला तर 'साहेब गावाला गेलेत' म्हणाला. दोन फायली केल्या. मुंबईच्या फायलीत माझं बी.ए. आणि मुलाचा दाखला, अक्का, तुम्ही ओळखलंत तसा गडहिंग्लजचाच. बेंगळूरूच्या फायलीत बी.एड., मुलीचा दाखला आणि लग्नाचा. लग्नाची नोंदणी झालेलीच नव्हती, सोमवारी सब-रजिस्ट्रारकडे जातोय, दोन्हीकडचे साक्षीदार घेऊन. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव एका अक्षरानं चुकलेलं निघालं. ते मार्कशीट कोल्हापूर बोर्डाचं, म्हणजे तिथंही एक फेरी आहे. उद्या पहाटेची एसटी धरते, विद्यापीठाचं कामही त्याच फेरीत.

डेमोची तालीम काल माझ्याच सहावीच्या वर्गात केली. छत्री नव्हती, डबा घेतला. मी सहा मिनिटं बोलायचं ठरवून अकरा मिनिटं बोलले. शेवटच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा उठून म्हणाला, 'टीचर, द डबा इज माय डबा.' सगळा वर्ग हसला. मी त्याला बसवलं नाही, आणखी दोन वाक्यं म्हणवून घेतली. तीही बरोबर आली.

डेमो गुरुवारी दुपारी आहे. अक्का, बुधवारी रात्री तुम्हाला वेळ असेल तर एकदा व्हिडिओवर माझा वर्ग बघाल का? तुमच्याकडे साडेआठ वाजले की आमच्याकडे दहा होतात, तोवर मुलं झोपलेली असतात.

आपली,
टिळकवाडीहून